पाण्यात उतरलेलं

"सर, मग ते पाणी म्हशीले दिलं तर चालते का?" आंधळगावच्या चंद्रकलानं उठून विचारलं आणि सगळा वर्ग हसला. मीही हसलो. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बायोकेमिस्ट्रीचा हा भाग शिकवताना वर्ग एकदा तरी हसला पाहिजे, नाहीतर दुपारच्या तासाला अर्धी पोरं डोळे उघडे ठेवून झोपतात. म्हणून तर मी लाखोळीचं उदाहरण देत असे. आधी फळ्यावर कार्बनची साखळी काढायची, मग सांगायचं, की बाबांनो, सांगाडा सगळ्यांचा जवळपास सारखाच, रेणू कसा वागणार हे ठरवतो त्याला जोडलेला क्रियात्मक गट. हायड्रॉक्सिल लावला की अल्कोहोल, कार्बोक्सिल लावला की आम्ल, आणि एकाच कार्बनवर अमिनो आणि कार्बोक्सिल दोन्ही बसवले की अमिनो आम्ल, ज्याच्या माळा ओवून आपलं मांस, केस, नखं सगळं झालेलं आहे. आता बघा, म्हणायचं, आणि असल्याच एका साध्या अमिनो आम्लाच्या टोकाला दोन कार्बनचा छोटासा ऑक्झॅलिल गट चिकटवायचा. एवढा एकच नवा बंध. झालं, हे तुमच्या लाखोळीच्या डाळीतलं विष. महिनोन् महिने पोटात तेच जात राहिलं तर धडधाकट माणसाचे पाय जातात. इथे वर्ग हमखास जागा व्हायचा, कारण लाखोळी न खाल्लेलं पोर भंडारा जिल्ह्यात शोधून सापडत नाही. सरकारनं तिच्या विक्रीवर बंदी घातली आहे आणि बाजारात ती पोत्यांनी मिळते. मग मी धीर द्यायचो. या रेणूला लागलेले सगळे गट पाण्याचे लोभी आहेत, पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतात आणि विरघळतात. तुमच्या आया-आज्या डाळ भिजवतात, उकळी आणतात, ते पाणी काढून टाकतात, विष पाण्यात उतरतं आणि डाळ खाण्याजोगी होते. आज्यांना शाबासकी मिळाली की वर्ग खूश. दरवर्षी इथवर सुरळीत चालायचं. या वर्षी चंद्रकला उठली.

देऊ नये, मी म्हणालो, म्हशीलाही देऊ नये. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. मागच्या बाकावर कोणीतरी म्हशीसारखं हंबरलं, पुन्हा हशा झाला, आणि मी खडू धरून फळ्याकडे तोंड करून उभाच राहिलो. 'पाणी काढून टाकतात' हे वाक्य मी इतकी वर्षं या वर्गात म्हणत आलो होतो. आमच्या घरी ते पाणी कधीच टाकलं जात नव्हतं.

आमच्या घरी ते बाबा प्यायचे. दिघोरीच्या अलीकडच्या एका टोलीत आमचं घर होतं आणि माझा बाप, डोमा, गावच्या पाटलाकडे सालदार होता. मी प्राथमिक शाळेत असताना एका वर्षी पाऊस फिरला, धान लोंबीतच वाळलं, आणि पाटलानं सालदारांची मजुरी लाखोळीत द्यायला सुरुवात केली. ती मात्र पिकली होती. तिला काय, उभ्या धानात फेकून दिली तरी येते. तेव्हा सकाळी लाखोळीची डाळ आणि सांजेलाही लाखोळीचीच डाळ. माय डाळ फार निगुतीनं करायची. गरम पाण्यात घालायची, उकळी आली की हात भाजत असतानाही पाणी ओतून काढायची, दुसरं पाणी घालायची. लाखोळी अशी काढून घेतल्याशिवाय खाऊ नये, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. का ते सांगितलं नव्हतं. काढलेलं पिवळसर पाणी ती पितळी गडव्यात धरायची, त्यात मीठ टाकायची, चुलीत भाजलेली मिरची कुस्करायची आणि बाबांपुढे ठेवायची. डाळीचं सगळं सत पाण्यात उतरते, ती म्हणायची, आणि सत राबणाऱ्याच्या पोटात गेलं पाहिजे. बाबा तेव्हा बोडीतला, म्हणजे शेततळ्यातला, गाळ उपसायला जात होते. मी त्या गडव्यासाठी एकदा भोकाड पसरलं होतं. मिरचीचा खमंग वास यायचा, आणि घरात वास येण्यासारखं दुसरं होतं काय? मायनं पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, तुले का गाळ काढाले जायचं हाय? मी आणि बहीण चोथा झालेली डाळ खायचो. मायही तीच खायची. तो धपाटा मला फळ्यासमोर उभा असताना पाठीत लागला, अगदी जागच्या जागी. मला ते पाणी मिळालं नाही म्हणून मी आज दोन पायांवर उभा होतो, आणि ज्याला ते मायेनं मिळालं तो एके सकाळी परसाकडून परत येताना बांधावर बसला आणि त्याला उठता येईना.

त्यानंतर बाबा दोन बांबूंवर चालत आले आहेत. गुडघे एकमेकांवर घासत, टाचा जमिनीला न लावता, चवड्यांवर. गावानं सांगितलं, वारं गेलं अंगावरून. थंड गाळात दिवसभर पाय म्हणून. लाखेनं, म्हणजे लाखोळीनं, असं होते असं बोलणारेही एकदोन होते, पण त्यांचं तोंड बंद करायला माझी माय पुरेशी होती. एकाच चुलीवरची, एकाच गंजातली लाख चौघांनी खाल्ली, मग तिघं धड कसे? पुढे इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच केला, लाखोळी खाता का? खातो, माय म्हणाली, पण पाणी काढून खातो. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते दुसऱ्या रोग्याकडे वळले. तिनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. काढलेल्या पाण्याचं काय करता, असं तिला कोणी विचारलं नाही. म्हशीची काळजी असलेली पोरगी तिथं नव्हती. आणि मी, बाबुलाल डोमाजी, एम.एस्सी. झालेला माणूस, नागपूरच्या ग्रंथालयात या विषाची रचना पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला काय वाटलं असेल? आनंद झाला. अक्षरशः हायसं वाटलं. विष पाण्यात विरघळतं, माय पाणी काढत होती, म्हणजे बाबांच्या पायांशी डाळीचा संबंध नाही, मायचं खरं, वाऱ्याचंच काहीतरी. रसायनशास्त्रानं आमच्या घराला निर्दोष सोडलं, असं मी त्या दिवशी मनाशी म्हटलं आणि बाहेर येऊन चहा प्यालो. मला आता त्या चहाची लाज वाटत होती.

तास संपला, पोरं गेली, मी फळा पुसला. ऑक्झॅलिल गट तेवढा नीट पुसला गेला नाही. शिक्षकांच्या खोलीत आमचे विभागप्रमुख वासुदेवराव पान लावत बसले होते. मी त्यांना आडून विचारलं, की समजा कोणी ते उकळीचं पाणीच रोज पीत असेल तर? त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. पेपरात विचारायला बरा प्रश्न आहे म्हणाले. मग म्हणाले, की एवढंतेवढं काही होत नाही, त्यांच्याकडे होळीला लाखोळीचेच वडे असतात, त्यांची आजी नव्वदीला तुरुतुरु चालत होती. बाजूला भात हवा, भाजी हवी, दूध हवं, मग लाखोळी बिचारी काय करते. हे मला ठाऊक होतं. हे मी स्वतःच वर्गात सांगतो. पेलाभर पाण्यानं कोणाचे पाय जात नाहीत, नुसतं तेच महिनोन् महिने आणि वर उपाशी कष्ट, असं सगळं जुळून यावं लागतं. वासुदेवरावांनी पान पुढे केलं, मी घेतलं, आणि तोंडात ठेवायचं विसरून तसाच बाहेर पडलो.

कारण गोष्ट बाबांपाशी थांबत नव्हती. लीलाला, माझ्या बायकोला, सातवा महिना लागला होता. तिच्यासाठीच माय-बाबा गावाहून भंडाऱ्याला आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले होते, आणि मायनं सोबत यंदाच्या नव्या लाखोळीचं गाठोडं आणलं होतं. रोज उन्हं कलली की ती लीलाला डाळीचं पाणी द्यायची. लीलानं माझ्याकडे कुरकूरही केली होती, की तुमची आई मला ते कसलं पाणी पाजते, तोंडाला तुरट लागतं. आणि मी म्हणालो होतो, पी, सत असतं त्यात. हे मी बोललो होतो. दुपारी वर्गात विष सांगायचं आणि संध्याकाळी घरी त्यालाच सत म्हणायचं, आणि या दोघा माणसांची एकदाही गाठ पडू नये? एकाच डोक्यात ते शेजार करून राहत होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते. मला माझा असा संताप आला की हातातलं पान चुरगळलं आणि बोटं लाल झाली.

घर उजवीकडे होतं, मी डावीकडे वळलो. पितळी भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीतून, जिथं ठकठकीत माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, तिथून गेलो, तरी आतलं बोलणं ऐकू येतच राहिलं. घरी जाऊन सांगायचं काय? लीलाला ते पाणी देऊ नको. हे सोपं. पण मायला कारण लागतं. ती काहून विचारल्याशिवाय एक गोष्ट सोडणारी नाही, आयुष्यभर तिनं भगताला, मास्तरला, पाटलाच्या दिवाणजीला काहून विचारलेलं आहे. आणि खरं कारण सांगितलं की त्याच वाक्यात तिच्या हातचा गडवा येणार. मी नुसतं लीलाबद्दल बोलेन आणि तिला बाबांबद्दल ऐकू जाईल. तिनं या माणसाला इतकी वर्षं अंघोळ घातली, पायांना तेल चोळलं, बांबू घासून गुळगुळीत करून दिले, आणि कधी थकली तर म्हणायची की माह्या हातून तं काही कमी नाई झालं. त्या एका गोष्टीवर ती उभी होती. तिच्या पायाखालची ती गोष्ट मी काढून घ्यायची होती, आणि तीही कोणत्या अधिकारानं, तर मला एका रेणूची रचना पाठ आहे म्हणून. नाही सांगितलं तर? तर रोज एक पेला. पेल्यानं काही होत नाही, मी म्हणालो. होणार नाही कशावरून, मीच म्हणालो. पोटातलं पोर किती ग्रॅमचं असतं, त्याच्या नसा किती कोवळ्या असतात, त्यावर कोणी प्रयोग केला आहे? माझ्या सगळ्या ज्ञानात त्या पोराबद्दल एक ओळ नव्हती.

चालत चालत मी वैनगंगेच्या पुलावर पोचलो होतो. नदी उन्हाळ्याकडे सरकलेली, वाळू वर आलेली, खाली एक बाई भांडी घासत होती आणि राखेचं पाणी धारेत सोडत होती. ते पाणी क्षणभर करडं दिसायचं आणि मग नुसती नदी. मी कठड्याला टेकून ते बघत राहिलो. वर्गात मी म्हणतो, बंध म्हणजे काही दोरी नव्हे, बंध म्हणजे दोन अणूंनी काहीतरी सामाईक धरणं. दोघांनी धरलं तर टिकतो, आणि तोडायचा तर बाहेरून ऊर्जा घालावी लागते. पोरं लिहून घेतात. मीही कधीकाळी लिहूनच घेतलं होतं. माझी पिंढरी अचानक थरथरली आणि मी दचकून दोन्ही पाय जमिनीवर आपटून बघितले. फार चाललो होतो, दुसरं काही नाही. पण त्या घडीला मी लहान पोरासारखा घाबरलो, आणि घाबरलो तेव्हा मला मायच हवी होती, हेही खरं. जाणाऱ्या एका सायकलवाल्यानं विचारलं, काय सर, बस चुकली का? मी हो म्हणालो आणि घराकडे वळलो. डॉक्टरांचं नाव पुढे करायचं ठरवलं. डॉक्टरांचं नाव घेतलं की निम्मे काहून गळून पडतात.

घरी पोचलो तेव्हा लीला मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती आणि मायनं नुकताच पेला तिच्यापुढे केला होता. बाबा दाराशी बाजेवर अंबाडीची सुतळी वळत होते. मी चपलाही न काढता पुढे गेलो आणि पेला मधेच आपल्या हातात घेतला. तो गरम होता. मी म्हणालो, हे राहू दे, डॉक्टरांनी नको म्हटलंय. लीला भाबडी, ती लगेच म्हणाली, की डॉक्टरांकडे तर आपण पुढच्या सोमवारी जाणार आहोत. माझं सोंग तिथंच संपलं. मायनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायातल्या चपलांकडे.

"काहून?" ती म्हणाली.

मी म्हणालो, लाखोळी चांगली नसते अशा वेळी. ती हसली. म्हणाली, तिले मी डाळ देतच नाई, डाळ तं आपन खाऊन राहिलो. तिले पानी देतो. जे काय वाईट असन ते डाळीत रायते.

"नाई माय," मी म्हणालो. "ते पान्यात उतरते."

इतकं बोलायला मला वर्गात अर्धा तास लागतो. फळा लागतो, खडू लागतो. मायला काही लागलं नाही. तिनं विचारलं, समदं? मी म्हणालो, बहुतेक. तिनं विचारलं, किती उकळ्या दिल्या म्हणजे? मी म्हणालो, पहिल्याच उकळीत पुष्कळसं. असे नेमके प्रश्न मला कधी कोणी विद्यार्थ्यानं विचारले नव्हते. मग तिनं विचारणं बंद केलं. ती माझ्याकडे नव्हे, आपल्या हातांकडे बघायला लागली. उलटे केले, पुन्हा सुलटे केले. मी घाईघाईनं बोलत सुटलो. त्या काळी कोणालाच माहीत नव्हतं, मोठ्या मोठ्या प्रयोगशाळांतल्या लोकांनाही नंतर कळलं, आणि त्या वर्षी खायलाच दुसरं काही नव्हतं, दोष असलाच तर मजुरीत लाखोळी देणाऱ्याचा. हे सगळं खरं होतं. एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि त्यातलं एकही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"मी पाजलं," माय म्हणाली.

ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. लीलाला नीट कळलं नव्हतं, पण ती पोटावर हात ठेवून उठून उभी राहिली होती. सुतळी वळण्याचा आवाज थांबला होता. बाबा तसे कमी ऐकतात असं आम्ही धरून चालतो, कारण ते कमी बोलतात. त्यांनी बांबू घेतले. बाजेपासून पडवीपर्यंतचं अंतर मी एका ढांगेत ओलांडतो. ते गुडघ्यावर गुडघा घासत, चवडे ओढत आले, आणि त्या सगळ्या वेळात आमच्यापैकी कोणी हललं नाही. माझ्यासमोर येऊन त्यांनी एक बांबू काखेत धरला आणि हात पुढे केला. मी पेला सोडला नाही. बाबा, नका, एवढंच म्हणालो. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. गाळ उपसणाऱ्याची बोटं होती ती, अजून माझ्यापेक्षा बळकट. पेला तोंडाला लावला आणि उभ्यानंच, न थांबता, सगळा पिऊन टाकला. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती तेवढं दिसत होतं. मग त्यांनी उपरण्यानं मिशा पुसल्या आणि मायकडे बघितलं. त्यांनी तिच्याकडे असं बघितलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं, किंवा पोरांनी बघायचं ते नसावं.

"बाबूची माय," ते म्हणाले, "मीठ कमी पडलं आज."

ती बसूनच राहिली. त्यांनी पेला तिच्यापुढे धरून ठेवला. एका बांबूवर त्यांचा सगळा भार होता आणि पाय थरथरायला लागले होते, तरी हात मागे घेतला नाही.

"मीठ आन," ते पुन्हा म्हणाले, जरा जरबेनं.

पेला तर केव्हाच रिकामा झाला होता. तरी माय उठली आणि मीठ आणायला आत गेली.